दोनदा भुंकल्यावर सुटणारी गाडी

धुळ्याला देवपुरात आम्ही घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला माणसं किती, पाहुणे किती, पाणी किती लागतं, यातलं काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, तोही माझ्याकडे बघून.

"ताई, गाडीत बसल्यावर कोणाला उलटी होते का?"

मी म्हटलं, "नाही."

"मुलीला?"

मुलगी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. मी म्हटलं, "तिलाही नाही."

"मग सामान आणा," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

आमचे हे तिथल्या एका शाळेत नुकतेच लागले होते. परत येताना ते म्हणाले, "माणूस जरा विचित्र वाटतो." मी म्हटलं, "पण घर हवेशीर आहे." पुढे आम्ही त्या घरात बरीच वर्षं राहिलो आणि आमची दोघांचीही मतं बरोबर निघाली.

घरमालकांना सगळी गल्ली नाना म्हणायची. सगळी नोकरी त्यांनी एस.टी.च्या स्टिअरिंगमागे काढली होती. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. खाकी पँट तशीच होती, वर पांढरा हाफ शर्ट. उंच, वाळकेसे, डोळे नेहमी बारीक केलेले, जसा काही समोरून कोणीतरी मोठा लाइट टाकतोय. गल्लीतून चालताना ते कायम डाव्या बाजूने चालत. बाजारात पुढे एखादी म्हातारी रमतगमत चालली असेल तर तिच्या डावीकडून कधी पुढे जायचे नाहीत. उजवी बाजू मोकळी होईपर्यंत मागेमागे राहायचे. अंगणातून हौदाकडे वळताना उजवा हात आडवा काढताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. अंगणात तेव्हा मी आणि एक कोंबडी, एवढंच ट्रॅफिक होतं.

आमच्या गल्लीत टीव्ही नानांकडे होता. लाकडी दरवाजांचा, काळा-पांढरा. रविवारी सकाळी पौराणिक मालिका आणि संध्याकाळी सिनेमा बघायला गल्ली त्यांच्या पुढच्या खोलीत यायची. इतर घरांत लोक टीव्हीसमोर कसेही पसरायचे. नानांकडे तसं नव्हतं. दोन्ही भिंतींना लागून सतरंज्या, मध्ये जायला-यायला वाट. एका रांगेत डावीकडे दोघं, उजवीकडे तिघं. पुढच्या दोन रांगा बायकांना राखीव. वाटेत कोणी पाय पसरला की नाना मागून म्हणायचे, "पाय आत घ्या, सामान खाली ठेवा." सामान म्हणजे बहुतेक वेळा कोणाचं तरी बाळ असायचं.

मालिकेचं गाणं सुरू झालं की ते उठून दार लावून घ्यायचे. मग कोणीही येवो. एकदा कोपऱ्यावरचे टेलर धावत आले आणि दार वाजवायला लागले.

"नाना, मी आहे! आत्ताच सुरू झालंय!"

नानांनी आतूनच उत्तर दिलं, "गाडी सुटली. पुढची पुढच्या रविवारी."

टेलरमामा बिचारे खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. नानांनी तिकडे बघून एवढंच म्हटलं, "टपावर बसायला परवानगी नाही."

टीव्हीवर चाललेल्या गोष्टीशी नानांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचं लक्ष गाड्यांवर असायचं. सिनेमातला हिरो गाणं म्हणत, शेजारच्या हिरोइनकडे बघत गाडी चालवायला लागला की नाना कासावीस व्हायचे. "पुढे बघ ना, भाऊ! वळण आलंय!" स्टिअरिंग उगाच डावी-उजवीकडे हलवणाऱ्या नटांचा त्यांना मनस्वी राग होता. "एवढं हलवलं असतं तर गाडी केव्हाच केळीच्या शेतात गेली असती." रविवार सकाळच्या मालिकेत लढाई सुरू झाली, तेव्हा सगळी खोली धनुर्धराकडे बघत होती आणि नाना सारथ्याकडे. ते मला म्हणाले, "बान मारनारा बठ्ठा, सगळाच शेतस, ताई. गाडी सांभायनारा एकच शे." ज्या रविवारी एका मोठ्या योद्ध्याच्या रथाचं चाक जमिनीत रुतलं, त्या दिवशी पुढच्या दोन्ही रांगा पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मागून नानांचा आवाज आला, "सकाळी निघायच्या आधी चाकं बघून घ्यायला नको का?"

आता त्या उलटीच्या प्रश्नाकडे येते. निवृत्तीनंतर नानांनी कुठल्याशा लिलावातून एक जुनी जीप आणली होती. ज्या दिवशी जीप दारात आली, त्याच दिवशी गल्लीतलं एक तांबूस पिल्लू मागच्या बाकावर चढून बसलं ते उतरेचना. खाली ठेवलं की परत वर. नाना म्हणाले, "तिकिटाशिवाय बसायचा हक्क एकालाच असतो." म्हणून त्याचं नाव कंडक्टर. मी पाहिला तेव्हा तो चांगला थोराड कुत्रा झाला होता. मागच्या फळीला लागून त्याची ठरलेली जागा होती. एकदा भुंकला की नाना गाडी थांबवायचे आणि दोनदा भुंकल्याशिवाय, म्हणजे एस.टी.तल्यासारखी डबल बेल मिळाल्याशिवाय, गाडी हलवायचे नाहीत. हे त्याला कसं शिकवलं, असं मी विचारलं तर नाना म्हणाले, "मी कशाला शिकवू? हे खातं त्याचं आहे." बऱ्याचदा तो एकदा भुंकायचा, खाली उतरायचा, मैलाच्या दगडाशी आपलं काम उरकायचा, सावकाश परत येऊन दोनदा भुंकायचा. तेवढा वेळ नाना दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत शांत बसलेले असायचे.

महिन्यातून एखाद्या रविवारी भाडेकरूंना आणि शेजाऱ्यांना सहलीला न्यायचं, हे नानांनी स्वतःवर घेतलं होतं. दोन दिवस आधी जिन्याजवळच्या पाटीवर खडूने लिहिलेलं असायचं: "रविवार. लळिंग. मालिका संपताच." खाली कोणी कुठे बसायचं ते. जीपच्या बाकांवर त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर टाकले होते. माझा पाच होता. एकदा मी वाऱ्यासाठी सहावर बसले, तर त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मी मुकाट्याने सरकले.

पहिल्या सहलीला मला वाटलं होतं, चला, आता भुर्रकन जाऊ. गाव सुटलं नाही तोच गाडी थांबली. काय झालं म्हणून मी वाकून पाहिलं. काही झालं नव्हतं. एस.टी.चा थांबा होता. नाना उतरले, चारही चाकांना बुटाच्या टोकाने हलकेच ठोकलं, टपरीवर चहा घेतला आणि परत आले. कंडक्टर दोनदा भुंकला. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. एका ठिकाणी दुधाची बरणी घेतलेला एक माणूस आमच्यात येऊन बसला. कोणाला नवल वाटलं नाही. दोन थांब्यांनंतर तो उतरला आणि नानांना राम राम करून शेतात गेला.

"नाना, आपल्याला इथे कोणाला उतरायचं नाहीये," आमचे हे एकदा धीर करून म्हणाले.

"तुम्हाला नाही, सर," नाना म्हणाले. "पण थांबा तर आहे ना?"

त्या पहिल्याच सहलीत मला दुसरीही एक गोष्ट कळली. नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या. टीव्ही त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बघायच्या, राखीव रांगेत कधी आल्या नाहीत. त्यांना मालिकांपेक्षा जाहिराती आवडायच्या. "गोष्ट लगेच सरते आनि कोनी मरत नाही," असं त्यांचं म्हणणं. सहलीच्या दिवशी पहाटेपासून त्यांनी पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मिरच्या, वांगी सगळं बांधून ठेवलं होतं. मालिकेला मात्र त्या दिसल्या नाहीत. आम्ही जीपमध्ये बसलो, तरी अक्का नाहीतच.

"अक्का येत नाहीत?" मी विचारलं.

नाना फडक्याने बाजूचा आरसा पुसत होते. म्हणाले, "येतील."

आम्ही थांबे घेत घेत लळिंगला पोचलो तेव्हा अक्का एका झाडाखाली बसल्या होत्या. शेजारी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ होता आणि अर्धी वांगी भाजून झाली होती. त्या सकाळच्या एस.टी.ने आल्या होत्या.

"कव्हय उनी?" नानांनी विचारलं.

"बराच येळ झाया," अक्का म्हणाल्या आणि वांग्याची साल काढायला लागल्या.

संध्याकाळी त्या परत एस.टी.नेच गेल्या. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. सहलीला अक्का असायच्याच, पण नानांच्या गाडीत नसायच्या. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलायचं नाही. मी बाहेरून आलेली. मला राहवेना. एका उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळत घालताना मी त्यांना सरळ विचारलंच.

अक्का हसल्या. मग त्यांनी हातातलं ओलं फडकं बाजूला ठेवलं आणि सांगितलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासर नरडाण्याजवळच्या खेड्यात, माहेर भडगावला. नाना तेव्हा शिरपूरहून निघून नरडाणा, धुळे, भडगावकडून पुढे पाचोऱ्याला जाणाऱ्या गाडीवर होते. अक्कांच्या भावाचा साखरपुडा ठरला. नवऱ्याच्याच गाडीने माहेरी जायचं, म्हणून अक्का नवं लुगडं नेसून नरडाण्याच्या थांब्यावर आल्या. गाडी आली. त्यांनी बोचकं आत ठेवलं, जागा धरली. मग त्यांना वाटलं, ह्यांना वाटेत तहान लागते. फिरकीचा तांब्या घेऊन त्या उतरल्या आणि समोरच्या विहिरीवर पाणी भरायला गेल्या. पाणी शेंदायला माणसं होती, थोडा वेळ लागला. भरलेला तांब्या घेऊन त्या वळल्या तर गाडी हलायला लागली होती.

"मी पयनू," पळाल्याची खूण करत अक्का म्हणाल्या. "हात दाखाडा. आरसामा देखं त्यासनी माले. मी त्यासना डोया देखात. तरी गाडी काढी."

गाडी गेली. बोचकं माहेरी पोचलं. अक्का विहिरीजवळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर नाना म्हणाले, आरशात तू दिसलीच नाहीस. अक्का म्हणाल्या, दिसले. नाना म्हणाले, नाही. तेव्हापासून अक्का त्यांच्या कुठल्याही गाडीत बसल्या नव्हत्या.

"एवढ्यासाठी?" माझ्या तोंडून गेलं.

अक्कांनी बिबड्याची कड बोटाने नीट केली. "सोडी गयात त्याना राग नही, ताई. वखत झाया व्हता, गाडीमा मानसं व्हतात. मालेबी समजस. पन दिसनी नही अशे कसाले सांगतस?"

नानांची बाजू मी मुद्दाम विचारली नाही. पण ती त्यांनीच एकदा ऐकवली. आमच्या ह्यांनी एका सकाळी नानांना जीपचा आरसा पुसताना पाहिलं आणि सहज म्हणाले, "नाना, रोज किती पुसता!" नाना पुसता पुसता म्हणाले, "तेव्हा नरडाण्याचा रस्ता कच्चा होता, सर. आरशावर नुसती धूळ." ह्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

असं सगळं बरं चाललं होतं. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी रविवार आला आणि पाटीवर लिहिलं गेलं: "पद्मालय."

एरंडोलजवळचं ते गणपतीचं देऊळ, पुढे कमळांचं तळं, भोवती झाडी. आम्ही तिघं आणि शेजारची चार माणसं असे जीपमधून गेलो. पारोळ्यापर्यंतच आमचा इतका चहा झाला की मुलगी म्हणाली, आता मलाही द्या. पोचलो तर अक्का तळ्याकाठी. थंडी छान होती, भरीत झणझणीत झालं होतं, कंडक्टर तळ्यातल्या बदकांवर भुंकत होता. त्याच्या एका भुंकण्यावर नाना दर वेळी दचकून मान वळवत होते.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही निघालो. अक्का नेहमीप्रमाणे टोपली घेऊन समोरच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. सणाची गर्दी होती. एक गाडी आली, ती इतकी भरलेली की दाराला माणसं लोंबकळत होती. ती थांबलीच नाही. आतून कोणीतरी ओरडलं, "मागची येतेय, मावशी!" बऱ्याच वेळाने मागची आली. तिने वेगही कमी केला नाही. अक्कांनी वर केलेला हात तसाच राहिला आणि धुरळ्यात त्यांचं लुगडं भरलं.

नाना चाकामागे बसून हे सगळं बघत होते. त्यांनी गाडी सुरू केली होती. आम्ही आपापल्या नंबरावर बसलो होतो.

"डबल," नाना म्हणाले.

मागून काही आवाज आला नाही. आम्ही वळून पाहिलं. फळीजवळची जागा रिकामी होती. कंडक्टर पलीकडे थांब्यावर अक्कांच्या पायाशी बसला होता.

"कंडक्टर!" नानांनी हाक मारली. त्याने कान हलवले. "डबल दे!"

त्याने हनुवटी अक्कांच्या टोपलीवर टेकवली.

नानांनी हॉर्न वाजवला. काही नाही. आमच्या मुलीला वाटलं आपण मदत करावी. ती मागे जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात "भो, भो" केलं.

"बेटा," नाना आरशात बघत म्हणाले, "तुझ्याकडे बिल्ला नाही."

ह्यांनी हळूच सुचवलं, "नाना, अक्कांना घेऊनच जाऊ ना. अंधार पडेल. एवढी जागा आहे."

नानांचे हात चाकावरच राहिले. मीच उतरून रस्ता ओलांडला. "अक्का, चला ना," मी म्हटलं. "आजचा दिवस. गाड्या सगळ्या भरून येताहेत."

"माले नही बसनं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही जा, माय. पोरले थंडी वाजी. मी मांगली गाडीमा येसू."

मी परत आले. बसल्या जागेवरून मला नानांचा अर्धा चेहरा दिसत होता. ते आरशात बघत होते. त्या आरशात, जीप उभी होती त्या जागेवरून, थांबा पुरता दिसत असणार: अक्का, टोपली, कुत्रा. इंजिन धडधडत होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सिनेमा चुकतोय वाटतं."

मग नानांनी इंजिन बंद केलं. ते खाली उतरले, गाडीला वळसा घालून ह्यांच्या बाजूला आले आणि किल्ली पुढे केली.

"सर, तुम्हाला गाडी येते ना?"

ह्यांनी गावाकडे मामांची जीप चालवली होती, लायसनही होतं. पण नानांची गाडी! ह्यांचा चेहरा पडला. "येते तशी, पण..."

"दुसरा गिअर कडक आहे. दमाने टाका. उतारावर गाडी सोडायची नाही, गिअरमध्ये ठेवायची." एवढं सांगून त्यांनी किल्ली ह्यांच्या हातात ठेवली. मग दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला आणि थांब्यावर अक्कांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाना खिशात हात घालून समोर बघत होते. कंडक्टर उठला, अंग झटकलं, धावत येऊन फळीवर चढला आणि दोनदा भुंकला. थांब्यावर उभ्या असलेल्या नानांचा डावा हात गिअर टाकायला आपोआप पुढे आला आणि हवेतच थांबला.

आम्ही निघालो. ह्यांच्या कपाळावर थंडीत घाम होता. एकही थांबा न घेता सरळ धुळं गाठायचं, असं आम्ही ठरवलं होतं, पण कंडक्टरला ते मान्य नव्हतं. तो प्रत्येक थांब्याला भुंकला आणि प्रत्येक थांब्याला हे थांबले. फागण्याला तर तो उतरून चहाच्या टपरीवर जाऊन बसला आणि टपरीवाल्याने त्याला बिस्किट देऊन विचारलं, "आज साहेब नाहीत?"

देवपुरात पोचलो तेव्हा सिनेमा केव्हाच सुरू झाला होता. नानांच्या दाराला कुलूप आणि दारासमोर सगळी गल्ली. टेलरमामा म्हणाले, "आज गाडी रद्द आहे का?" आमच्याकडे किल्ली नव्हती. लोक घरी जातील असं वाटलं होतं, पण कोणी गेलं नाही. कोणी ओट्यावर, कोणी पायऱ्यांवर टेकलं. मी पोरीला शालीत गुंडाळून मध्ये बसले. कोणीतरी तिळाचे लाडू आणले, कोणी पेरू कापले. या लोकांबरोबर मी इतके रविवार घालवले होते, पण टीव्हीच्या खोलीत मी त्यांच्या पाठीच पाहिल्या होत्या. टेलरमामा इतक्या नकला करतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी नानांची हौदाकडे वळण्याची नक्कल केली, तेव्हा शेजारच्या काकूंना हसून हसून ठसका लागला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दोघं दिसली. स्टँडवरून चालत आली होती. टोपली नानांच्या हातात होती. नाना गल्लीच्या डाव्या बाजूने आणि अक्का त्यांच्या बरोबरीने. मी त्यांना एकत्र चालताना कधी पाहिलं नव्हतं.

नानांनी कुलूप काढलं, दिवा लावला, टीव्ही लावला. "अर्धा गेला की हो नाना," कोणीतरी म्हणालं.

"असू दे. बसा कुठेही," नाना म्हणाले. त्यांनी दार लावलं नाही. अक्का आत जाऊन चहा ठेवू लागल्या. नाना मागे भिंतीला टेकून बसले आणि पडद्यावर गाड्यांचा पाठलाग चालू असताना डोळे मिटून झोपून गेले.

त्यानंतर अक्का नानांच्या जीपमध्ये बसायला लागल्या का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. नाही. नानाच उतरले. सहली चालू राहिल्या, पाटीवर नावं लिहिली जात राहिली, पण जीप आमचे हे चालवायचे. नाना आणि अक्का सकाळच्या एस.टी.ने पुढे जायचे. आम्ही पोचेपर्यंत वांगी भाजून झालेली असायची आणि नाना पऱ्हाट्या सारत आमच्या गाडीच्या आवाजावरून सांगायचे की सरांनी गिअर उशिरा टाकला. पुढे आमची बदली जळगावला झाली. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा नानांनी त्याच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन एरंडोलपर्यंतची सगळी वळणं समजावून सांगितली. कंडक्टर म्हातारा होऊन गेला, जीप कोणीतरी नेली, आणि काही वर्षांनी नाना गेल्याची चिठ्ठी आली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा अक्का तेवढ्याच गोल आणि तेवढ्याच गप्प होत्या. टीव्ही आता रंगीत होता आणि त्या त्याच्यासमोर खुर्चीवर बसून जाहिराती बघत होत्या.

पण पद्मालयच्या थांब्यावर त्या संध्याकाळी काय झालं, ते मी दुसऱ्याच दिवशी, संक्रांतीचं वाण घेऊन गेले तेव्हा ऐकलं होतं. अक्कांनी माझ्या हातावर तीळगूळ ठेवला आणि आपणहून बोलायला लागल्या.

दोघं गाडीची वाट बघत उभी होती. मग नाना समोर बघतच म्हणाले, "तू दिसनी व्हतीस."

"मी म्हनं, काय?" अक्का मला सांगत होत्या.

नाना म्हणाले, "आरसामा. दिसनी व्हतीस. तांब्याबी दिसना व्हता."

नानाच पुढे म्हणाले, घरी येऊन खरं सांगणार होतो, पण तुझा चेहरा बघून एकदा खोटं निघून गेलं, आणि मग तेच रोज बोलत राहिलो.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हनसू? मी म्हनं, तहान लागनी व्हती का नही वाटमा? ते म्हनेत, लई लागनी व्हती."

तेवढ्यात गाडी आली, आणि ती थांबली. नानांनी अक्कांना खिडकीशी बसवलं. "पन त्यासले बसनं कोठे येस!" अक्का सांगता सांगता हसायला लागल्या. सगळा रस्ता नानांचा उजवा पाय फळीवर ब्रेक दाबत होता. बैलगाडी दिसली की ब्रेक, वळण आलं की ब्रेक. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "बाबा, लाथ लागते." शेवटी अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी म्हनं, तो चालाई राहिना ना गाडी. तुम्ही नुसतं बसा."

हळूहळू पाय थांबला. नाना अक्कांच्या खांद्यावरून वाकून खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर हरभऱ्याची शेतं होती, एक मारुतीचं देऊळ होतं, दारात कणीस भाजणारी पोरं होती. गाडी एका गावाशी थांबली. आपल्या गाड्या त्यांनी तिथे आयुष्यभर थांबवल्या होत्या.

नानांनी अक्कांना विचारलं, "हाई कोनतं गाव शे वं?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. हसू आवरेपर्यंत त्यांना बोलता येईना.

"मी सांगं त्यासले," त्या म्हणाल्या. "अजंग शे, म्हनं. देखा नीट."